दारापर्यंत जाणारी सेवा : धन्यवादित सिस्टर रोझाली रांद्यू

दरवर्षी ७ फेब्रुवारी रोजी धन्यवादित सिस्टर रोझाली रांद्यू यांचे स्मरण केले जाते. पॅरिस शहरात हे नाव आजही आदराने घेतले जाते. तेथील एका रस्त्याला त्यांचे नाव दिलेले आहे. आपल्याकडे मात्र ते फारसे कानांवर पडत नाही. असे असले तरी त्यांच्या कार्याचे एक फळ आपल्या अगदी जवळ आहे. आपल्या धर्मग्रामांत संत विन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद गरजू कुटुंबांच्या घरी जातात, त्यांची विचारपूस करतात, कुणाला शिधा, कुणाला औषध, कुणाला मुलांच्या फीची मदत पोहोचवतात. या संस्थेच्या पहिल्यावहिल्या तरुण सभासदांना गरिबाच्या घराचा जिना कसा चढावा आणि आत गेल्यावर कसे वागावे, याचे धडे ज्यांनी दिले त्या या सिस्टर रोझाली.

आज समाजकल्याण खात्यांत आणि सेवाभावी संस्थांत कुटुंबसेवेचे काम करणारे प्रशिक्षित कार्यकर्ते असतात. घरी जाऊन कुटुंबाची परिस्थिती समजून घेणे, मुलांची शाळा, आजाऱ्याचे औषध, कमावत्या माणसाचे काम आणि घरभाडे यांची सांगड घालून देणे, सरकारी मदत मिळवून देणे आणि होता होईतो कुटुंब मोडू न देणे, हे त्यांचे काम. या कामाला आजचे नाव मिळण्यापूर्वी आणि त्याचे शिक्षण देणारी विद्यालये निघण्यापूर्वी सिस्टर रोझाली यांनी जवळजवळ ५४ वर्षे पॅरिसच्या एकाच वस्तीत ते केले. मदत कागदावर मंजूर होते, परंतु घरात पोहोचते ती कुणाच्या तरी पायांनी. त्यांच्या चरित्रातून आम्हांला सर्वांत अधिक भावते ती हीच गोष्ट.

तळघरातील मिस्सा

सिस्टर रोझाली यांचे मूळ नाव जान मारी. त्यांचा जन्म ९ सप्टेंबर १७८६ रोजी फ्रान्सच्या पूर्व भागात, ज्युरा पर्वताच्या परिसरातील कोंफोर या खेड्यात झाला. आईवडील लहानसे जमीनदार होते. घरी श्रीमंती नसली तरी खाऊनपिऊन सुखी असे ते कुटुंब होते आणि गावात त्यांना मान होता. चार बहिणींत जान मारी सर्वांत थोरली. जन्माच्या दिवशीच लांक्रां येथील चर्चमध्ये तिचा स्नानसंस्कार झाला. कुटुंबाचे स्नेही फादर जाक एमरी हे तिचे धर्मपिता होते. पुढे पॅरिसमध्ये त्यांचा सल्ला तिच्या आयुष्याला वळण देणारा ठरला.

जान मारी तीन वर्षांची असताना, १७८९ साली, फ्रेंच राज्यक्रांती झाली. नव्या राजवटीने धर्मगुरूंवर निष्ठेची शपथ लादली. अनेकांनी ती घेण्यास नकार दिला. अशा धर्मगुरूंना देश सोडावा लागला किंवा लपून राहावे लागले, काहींना प्राणही गमवावे लागले. त्यांना आसरा देणे हाही गुन्हाच होता. तरीही रांद्यू कुटुंबाने आपले दार उघडे ठेवले. खुद्द आन्सीचे बिशप काही काळ त्या घरात पियेर नावाचा गडी म्हणून राहिले. हा गडी इतर गड्यांसारखा नाही, आई त्याच्याशी फार अदबीने वागते, हे चाणाक्ष मुलीच्या लक्षात आले. एका रात्री तिने त्याला मिस्सा अर्पण करताना पाहिले. घरातल्यांनी आपल्यापासून सत्य लपवले याचा तिला राग आला. पुढे आईशी वाद घालता घालता पियेर हा खरा पियेर नव्हे हे गावभर सांगेन, अशी धमकीच तिने दिली. तेव्हा आईने तिला जवळ घेऊन सारी हकीकत सांगितली. एका शब्दाने किती जीव जातील हे त्या लहान मुलीला समजले आणि तिने ते गुपित शेवटपर्यंत राखले. तिने प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले तेही घराच्या तळघरात, रात्री, मेणबत्तीच्या उजेडात.

संकटात सापडलेल्या माणसाला आत घ्यावे आणि त्याचे गुपित जपावे, हा धडा तिला घरातच मिळाला. पुढे आयुष्यात तिला त्याची पुन्हा पुन्हा गरज पडणार होती.

मे १७९६ मध्ये तिचे वडील वारले. जुलैमध्ये चार महिन्यांची धाकटी बहीणही गेली. नऊ-दहा वर्षांची जान मारी आईचा उजवा हात बनली. कमावता पुरुष गेल्यावर घराचे काय होते, विधवा आईवर कोणता भार येतो, थोरल्या मुलीचे बालपण कसे एकदम संपते, हे तिने पुस्तकातून वाचले नाही, ते तिच्यावर बेतले. पुढे पॅरिसमध्ये विधवांच्या खोल्यांत पाऊल टाकताना ही आठवण त्यांच्यासोबत असणार, असे आम्हांला वाटते.

परिस्थिती निवळल्यावर आईने तिला जेक्स शहरात उर्सुलाइन धर्मभगिनींकडे शिकायला ठेवले. तेथील रुग्णालयात डॉटर्स ऑफ चॅरिटी या संघाच्या भगिनी सेवा करीत. त्यांचे काम पाहून तिचा जीव तेथेच रमला. आपल्या भागातील एक मुलगी या संघात जाण्यासाठी पॅरिसला निघाली आहे असे कळताच तिने आईकडे परवानगी मागितली. आईने धर्मगुरूंचा सल्ला घेतला आणि मन घट्ट करून होकार दिला. २५ मे १८०२ रोजी, सोळावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, जान मारी पॅरिसमधील संघाच्या मातृगृहात दाखल झाली.

मुफ्तारची वस्ती

डॉटर्स ऑफ चॅरिटी हा संघ संत विन्सेंट डी पॉल आणि संत लुईझ द मारिलाक यांनी १६३३ साली स्थापन केला. त्या काळी व्रतस्थ स्त्रिया मठाच्या भिंतींआड राहत. या भगिनींनी मात्र मठाबाहेर, रस्त्यांवर आणि आजाऱ्यांच्या घरांत काम करावे असे संत विन्सेंट यांनी ठरवले. त्यांची व्रतेही दरवर्षी नव्याने घेतली जातात. राज्यक्रांतीच्या काळात संघावर बंदी आली होती. १८०० साली त्यास पुन्हा मान्यता मिळाली. तेव्हा जान मारी पॅरिसला पोहोचली ती नव्याने उभ्या राहू पाहणाऱ्या संघात.

सुरुवातीलाच तिची प्रकृती खालावली. शहरातील हवा आणि नव्या जीवनाचा ताण तिला सोसेना. वैद्यांनी सल्ला दिला आणि धर्मपिता फादर एमरी यांनी शिफारस केली, म्हणून तिला मुफ्तार वस्तीतील भगिनींच्या घरी पाठवण्यात आले. प्रकृती सुधारण्यासाठी म्हणून गेलेली ही मुलगी तेथेच राहिली, ती थेट मृत्यूपर्यंत. तेथे तिला रोझाली हे नाव मिळाले. १८०७ साली तिने प्रथम व्रते घेतली आणि १८१५ साली ती त्या घराची प्रमुख झाली. दोन वर्षांनी जागा अपुरी पडू लागल्यामुळे भगिनींचे घर जवळच्याच एपे द ब्वा या गल्लीत हलले. या नावाचा अर्थ लाकडी तलवार असा आहे.

मुफ्तार ही पॅरिसमधील सर्वांत दरिद्री वस्ती मानली जाई. जवळून वाहणाऱ्या ब्येव्र नदीकाठी चामडे कमावण्याचे कारखाने होते. त्यांची घाण नदीतच जाई. चिंध्या आणि भंगार वेचणारी कुटुंबे, रोजंदारीवरचे मजूर, खेड्यांतून कामाच्या शोधात आलेली माणसे अंधाऱ्या, ओलसट खोल्यांत दाटीवाटीने राहत. एका खोलीत सारे कुटुंब, त्यातच आजारी म्हातारा, त्यातच तान्हे मूल. काम मिळाले तर पाव, नाही तर उपास. हिवाळ्यात कोळसा नसेल तर थंडीनेही माणसे दगावत.

अशा वस्तीत सिस्टर रोझाली रोज पहाटे प्रार्थना आणि मिस्सा आटोपून बाहेर पडत. एका घरातून दुसऱ्या घरात, एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर. गरिबाने बोलावल्यास प्रार्थना अर्धी सोडून जाणे म्हणजे देवाला सोडून देवाकडेच जाणे, ही संत विन्सेंट यांची शिकवण त्यांच्या अंगवळणी पडली होती. रस्त्यातून चालतानाही त्यांची प्रार्थना खंडित होत नसे.

चिठ्ठी आणि तिच्यामागचे माणूस

येथे त्या काळच्या सरकारी व्यवस्थेची थोडी माहिती द्यायला हवी. १७९६ साली फ्रान्समध्ये कायद्याने गरीब-साहाय्य मंडळे स्थापन झाली. गरजू कुटुंबांची नोंद करणे आणि त्यांना घरपोच मदत देणे हे या मंडळांचे काम. पैसे हातात देण्याऐवजी पाव, मांस, सरपण किंवा कोळसा यांच्या चिठ्ठ्या दिल्या जात. त्या दाखवून वस्तू मिळत. पॅरिसच्या वस्त्यांत हे वाटप अनेक ठिकाणी डॉटर्स ऑफ चॅरिटीच्या भगिनींकडे असे. मुफ्तारमध्ये ती जबाबदारी सिस्टर रोझाली यांच्या घराकडे होती. म्हणजे धर्मभगिनी असूनही एका अर्थी त्या सरकारी मदतीच्या शेवटच्या दुव्याचे काम करीत होत्या.

चिठ्ठी देऊन मोकळे होणे सोपे होते. यादीत नाव आहे की नाही ते पाहायचे, कागद द्यायचा, पुढच्याला बोलवायचे. सिस्टर रोझाली यांनी या कामाचा अर्थच बदलला. चिठ्ठीच्या निमित्ताने घरात जायला मिळते, आणि घरात गेल्यावरच खरी गरज दिसते, हे त्यांनी ओळखले. पाव मागायला आलेल्या बाईचा नवरा कामावरून काढला गेला आहे. त्याला पावापेक्षा काम हवे. मूल शाळेत येत नाही, कारण त्याच्याकडे जोडे नाहीत. आई आजारी आहे, कारण तान्ह्याला कुठे ठेवायचे हा प्रश्न असल्यामुळे ती रात्रभर जागून घरीच काम करते. अशा प्रत्येक घराचा प्रश्न निराळा असतो आणि त्याचे उत्तरही निराळे असते.

म्हणून त्यांच्या घराभोवती एकेक सोय उभी राहत गेली. मोफत दवाखाना आणि औषधालय निघाले. मुलींसाठी शाळा झाली. कष्टकरी आयांच्या तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर आले. कारखान्यांत राबणाऱ्या तरुण मुलींना सुटीच्या दिवशी एकत्र येण्यासाठी मंडळ निघाले. अनाथ मुलांसाठी आश्रम आणि निराधार वृद्धांसाठी निवारा झाला. यातील प्रत्येक गोष्ट घरभेटीत दिसलेल्या एखाद्या अडचणीचे उत्तर होती. पाळणाघरामुळे आईला कामावर जाता येई आणि मूल तिच्यापासून तुटत नसे. वृद्धाला आसरा मिळाला की एका खोलीतल्या कुटुंबाचा श्वास मोकळा होई.

भगिनींच्या घरातील एक लहानशी बैठकीची खोली त्यांच्या कामाचे केंद्र होती. तेथे सकाळी कामगार, विधवा, विद्यार्थी, धर्मगुरू, धनिक, मंत्री यांची रीघ लागे. स्पेनचे राजदूत आणि विचारवंत दोनोसो कोर्तेस तेथे येत. पुढे सम्राट तिसरा नेपोलियन आणि सम्राज्ञी यांनीही त्या घराला भेट दिली. कुणी धनिक देणगी देऊन निघाला तर सिस्टर त्याच्यावर एखादे कामही सोपवीत: या तरुणाला नोकरी लावून द्या, त्या मुलाला शिकायला घ्या, अमक्या आजाऱ्याला भेटून या. देणगीने गरिबाचे पोट भरते, पण देणाऱ्याने स्वतः जिना चढल्याशिवाय त्याचे मन बदलत नाही, ही त्यांची धारणा होती.

विद्यार्थ्यांची पहिली शिकवणी

१८३३ सालच्या एप्रिल महिन्यात पॅरिसमधील काही कॅथलिक विद्यार्थी एकत्र आले. त्यांत २० वर्षांचा फ्रेडरिक ओझानाम होता. ख्रिस्तसभेने पूर्वी पुष्कळ केले असेल, पण आज ती गरिबांसाठी काय करते, असा प्रश्न विरोधक त्यांना विचारीत. वादविवादाने उत्तर देण्यापेक्षा कृतीने द्यावे असे या तरुणांनी ठरवले. त्यांचे वडीलधारे मार्गदर्शक एमान्युएल बायी हे होते. उत्साह भरपूर होता, परंतु कोणत्या घरी जावे, काय न्यावे, काय बोलावे, याची काहीच माहिती नव्हती. बायी यांनी त्यांना सिस्टर रोझाली यांच्याकडे पाठवले.

सिस्टरांनी त्यांना भेटीसाठी कुटुंबांची नावे दिली. विद्यार्थ्यांकडे स्वतःच्या चिठ्ठ्या नव्हत्या, तेव्हा सुरुवातीला आपल्याकडच्या चिठ्ठ्याही दिल्या. त्याहून मोलाचे म्हणजे त्यांनी या मुलांना घरभेटीची रीत शिकवली. गरिबाच्या घरात परीक्षक म्हणून जायचे नाही. त्याचे बोलणे घाई न करता ऐकायचे. त्याच्या अस्वच्छतेची किंवा रागीट स्वभावाची लगेच झडती घ्यायची नाही. पावाआधी माया द्यायची. आणि एकदा गेलेल्या घरी पुन्हा जायचे.

यातील शेवटची गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. एकदा जाणारा माणूस पाहुणा असतो. पुन्हा पुन्हा जाणाऱ्यावर कुटुंबाचा विश्वास बसतो. विश्वास बसल्यावरच नवऱ्याचे दारूचे व्यसन, मुलीवर आलेले संकट, सावकाराचे कर्ज या गोष्टी ओठांवर येतात. आजही कुटुंबसेवेतील कार्यकर्त्यांना शिकवली जाणारी ही पहिली गोष्ट आहे.

या मूठभर विद्यार्थ्यांच्या मंडळाचीच पुढे संत विन्सेंट डी पॉल संस्था झाली आणि ती जगभर पसरली. फ्रेडरिक ओझानाम प्राध्यापक झाले, संसारी झाले, आणि १८५३ साली, वयाच्या ४०व्या वर्षी, निधन पावले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २२ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसमध्ये त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. प्रापंचिकांच्या या मोठ्या चळवळीच्या पाळण्याची दोरी मुफ्तारच्या एका धर्मभगिनीच्या हाती होती, हे आपण विसरता कामा नये.

कॉलरा, बंड आणि एक वॉरंट

१८३२ साली पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ आली. सुमारे १८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दाट वस्ती आणि घाण पाणी यांमुळे मुफ्तारसारख्या भागांना मोठा तडाखा बसला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. सिस्टर रोझाली आणि त्यांच्या भगिनी तेथेच राहिल्या. आजाऱ्यांची सेवा, मृतांची व्यवस्था, उघड्या पडलेल्या मुलांची सोय अशी सारी कामे त्यांनी केली. रस्त्यात पडलेली प्रेते उचलतानाही लोकांनी सिस्टरांना पाहिले. पुढे १८४९ साली साथ परत आली, तेव्हा साठी ओलांडलेल्या सिस्टर पुन्हा त्याच गल्ल्यांतून फिरत होत्या.

त्याच काळात पॅरिसमध्ये राजकीय उठाव होत होते. मुफ्तारमधील भुकेले कामगार रस्त्यांत अडथळे रचून सैन्याशी लढत. उठाव मोडला की धरपकड सुरू होई. ज्या घरांत सिस्टर रोज जात, त्याच घरांतील पुरुष आता फरारी होते. त्यांपैकी कित्येकांना सिस्टरांनी लपवले, वेषांतर करून शहराबाहेर पाठवले. हे पोलीसप्रमुख जिस्के यांच्या कानांवर गेले आणि त्यांनी सिस्टरांच्या अटकेचे वॉरंट काढले. ही हकीकत सिस्टरांचे स्नेही आर्मां द मलां यांनी १८५७ साली लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात आली आहे. ज्या अधिकाऱ्यावर अटकेचे काम सोपवले, त्याने ते करू नये अशी विनंती केली; सिस्टरांना हात लावला तर सारी वस्ती पेटून उठेल असे त्याने सांगितले. अखेर पोलीसप्रमुख स्वतःच त्यांना समज देण्यासाठी गेले. सिस्टरांनी काहीही नाकारले नाही. आपण डॉटर ऑफ चॅरिटी आहोत, दुर्दैवी माणूस दारात आला की त्याला मदत करतो, आणि उद्या आपल्यावर अशी वेळ आली तर आपल्यालाही करू, असे त्यांनी शांतपणे सांगितले. पोलीसप्रमुखांनी पुन्हा असे न करण्याची ताकीद दिली. तसे वचन मात्र सिस्टरांनी दिले नाही.

कायदा मोडण्याची हौस त्यांना नव्हती. सरकारी मंडळाचे काम त्या इमानाने करीत होत्या. परंतु कुटुंबाचा विश्वास हे त्यांच्या सेवेचे एकमेव भांडवल होते. घरात मिळालेली माहिती पोलिसांना पुरवली असती तर दुसऱ्या दिवशी एकही दार त्यांच्यासाठी उघडले नसते. सरकारची मदत पोहोचवायची आणि तरीही सरकारचे डोळे बनायचे नाही, हा पेच आजही समाजसेवेतील प्रत्येक कार्यकर्त्यापुढे उभा राहतो. सिस्टरांनी त्याची किंमत मोजण्याची तयारी ठेवली होती.

१८४८ सालच्या जून महिन्यात पॅरिसमध्ये पुन्हा मोठा रक्तपात झाला. दोन्ही बाजूंना शांत करण्यासाठी पुढे गेलेले पॅरिसचे आर्चबिशप आफ्र गोळी लागून मृत्युमुखी पडले. मुफ्तारमध्येही चकमकी चालू होत्या. एक सैनिकी अधिकारी जीव वाचवण्यासाठी भगिनींच्या घरात शिरला. पाठोपाठ संतप्त बंडखोर आले आणि त्याला गोळी घालण्यासाठी बंदुका रोखून उभे राहिले. सिस्टर आणि त्यांच्या भगिनी मध्ये उभ्या राहिल्या. अखेर सिस्टरांनी गुडघे टेकले आणि इतकी वर्षे तुमच्यासाठी, तुमच्या बायकामुलांसाठी जे केले त्याच्या बदल्यात या माणसाचा जीव द्या, अशी याचना केली. बंदुका खाली झाल्या. ज्या हातांत त्या बंदुका होत्या त्यांना सिस्टरांनी पाव दिला होता, त्यांच्या मुलांना औषध दिले होते. पूर्वी त्यांनी बंडखोरांना सैनिकांपासून वाचवले होते. आज सैनिकाला बंडखोरांपासून वाचवले. त्यांच्या दृष्टीने दारात आलेला माणूस एवढीच ओळख पुरेशी होती.

घरभेटीपासून कायद्यापर्यंत

एकेका घराची सेवा करून दारिद्र्य संपते का, असा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता आणि आजही विचारला जातो. सिस्टर रोझाली यांनी भाषणे केली नाहीत की ग्रंथ लिहिले नाहीत. परंतु त्यांनी ज्यांना वस्तीतील घरे दाखवली, त्यांपैकी काहींच्या हातांत कायदे करण्याची शक्ती होती. आर्मां द मलां हे एक उमराव. सिस्टरांच्या मार्गदर्शनाखाली ते गरिबांच्या घरी जाऊ लागले. पुढे ते फ्रान्सच्या विधिमंडळावर निवडून गेले. आरोग्यास घातक अशा घरांविषयीचा कायदा १८५० साली संमत झाला, त्यामागे त्यांचे प्रयत्न होते. मुफ्तारच्या ओलसट खोल्यांत पाहिलेले दुःख अशा रीतीने कायद्याच्या भाषेत उतरले. घरभेट आणि कायदा हे एकमेकांचे शत्रू नव्हेत. घर पाहिलेला माणूसच चांगल्या कायद्याचा आग्रह धरू शकतो.

१८५२ साली सिस्टरांना लीजन ऑफ ऑनर हे मानाचे पदक जाहीर झाले. त्या नकारच देणार होत्या. परंतु संघाच्या वरिष्ठांनी सांगितले म्हणून आज्ञाधारकपणे त्यांनी ते स्वीकारले. तोपर्यंत त्यांची प्रकृती खंगली होती. शेवटच्या दोन वर्षांत त्यांची दृष्टीही गेली. वस्तीतील प्रत्येक जिना ज्यांच्या ओळखीचा होता, त्यांना आता बैठकीच्या खोलीतच बसून आवाजावरून माणूस ओळखावा लागे. अल्पशा आजारानंतर ७ फेब्रुवारी १८५६ रोजी, वयाच्या ६९व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

सेंट मेदार चर्चमध्ये त्यांची अंत्यमिस्सा झाली. मोंपार्नास दफनभूमीपर्यंतच्या अंत्ययात्रेत अफाट जनसमुदाय लोटला. कामगारांच्या शेजारी अधिकारी आणि भिकाऱ्याच्या शेजारी श्रीमंत चालत होते. भगिनींसाठी राखलेल्या भागात त्यांची कबर शोधणे लोकांना अवघड जाई, म्हणून पुढे ती प्रवेशद्वाराजवळ हलवण्यात आली. श्रीमंत आणि गरीब अशा दोघाही मित्रांची कृतज्ञता त्या कबरीवर कोरलेली आहे. ९ नोव्हेंबर २००३ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोम येथे त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले.

आपल्यासाठी संदेश

सिस्टर रोझाली यांच्यानंतरच्या शतकात कुटुंबसेवा हे एक शास्त्र आणि व्यवसाय बनले. अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी १९१७ साली या विषयावर पायाभूत ग्रंथ लिहिला. मुंबईत १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी पहिली संस्था निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९५५ साली डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या संघाच्या भगिनींनी निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय सुरू केले. आज या क्षेत्रात पगारी, प्रशिक्षित माणसे काम करतात, आणि ते योग्यच आहे. कुटुंबाचे प्रश्न गुंतागुंतीचे असतात. तेथे केवळ चांगल्या मनावर भागत नाही, ज्ञानही लागते.

परंतु ज्ञान आणि पगार यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट लागते, आणि ती कोणत्याही सरकारी आदेशाने निर्माण होत नाही. ती म्हणजे त्या घरात पुन्हा जाण्याची इच्छा. कार्यकर्ता थकतो, फायली वाढतात, कुटुंब खोटे बोलते, दिलेली मदत दारूत जाते, उपकारांची जाणीवही कुणी ठेवत नाही. अशा वेळी यादीतील नाव खोडून टाकावे असे वाटणे मानवी आहे. सिस्टर रोझाली यांना हे अनुभव ५४ वर्षे आले असतील. तरीही त्या जात राहिल्या, कारण त्या दाराआड त्यांना प्रभू येशू भेटत होता. अंतिम न्यायाच्या दिवशी भुकेला, तहानलेला, परका, आजारी आणि बंदिवान यांच्या रूपाने आपण कसे भेटलो होतो ते प्रभू सांगेल, हे संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात आपण वाचतो. सिस्टरांनी तो अध्याय मुफ्तारच्या जिन्यांवर जगून दाखवला.

आपल्या धर्मग्रामांतही आज अशी घरे आहेत. भाड्याच्या खोलीत राहणारे, नुकतेच बाहेरगावाहून आलेले कुटुंब. अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणारी एकटी सून. व्यसनाच्या विळख्यात सापडलेला बाप आणि शाळा सोडलेला मुलगा. मुले परदेशी गेल्यामुळे मोठ्या घरात एकटे उरलेले वृद्ध दांपत्य. त्यांच्यापैकी काहींना शिधा हवा असेल, काहींना एखादा अर्ज भरून हवा असेल, आणि काहींना केवळ ऐकणारे माणूस हवे असेल. समाजसेवेत नोकरी करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना सिस्टर रोझाली यांच्या जीवनातून बळ मिळो. विन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांना आपल्या कामाची थोरवी नव्याने जाणवो. आणि आपण इतर सर्वांनी या आठवड्यात आपल्याच आळीतील एक दार ठोठवावे आणि पुढच्या आठवड्यात त्याच दाराशी पुन्हा जावे, अशी आमची नम्र विनंती आहे.